नावानिशी गाऱ्हाणं

सुरमईचं डोकं धडापासून वेगळं होतंय न होतंय तोच सुभद्राच्या कमरेला खोचलेला मोबाईल वाजला. दोन्ही हात मनगटापर्यंत रक्ताने माखलेले. तिने शेजारच्या गोदूबाईला मानेनेच खुणावलं.

"काढ गो जरा. कानाक लाव माझ्या."

सत्तरीच्या गोदूबाईने तो पंधरा दिवसांचा नवाकोरा मोबाईल दोन बोटांत झुरळ धरावं तसा धरला आणि सुभद्राच्या कानाला लावला.

"हॅलो, अंजुना है क्या?" कुणी पुरुष विचारत होता.

"हयसर खंयची अंजुना? ह्यां मालवण. अंजुना गोव्याक. बांद्यावरसून सरळ फुडे जा."

फोन तुटला. गोदूबाई बोळक्या तोंडाने खो खो हसली. "मासळी इकतंस का एस्टीची चौकशी उघडलंस गो?"

"गोव्याक जाणाऱ्यांका लाज नाय, रस्तो तरी दाखवक व्हयो," सुभद्रा म्हणाली, आणि तिने सुरमईचा पहिला तुकडा पाडला. समोरचं गिऱ्हाईकही हसलं. २००७ सालच्या नोव्हेंबरातला तो गुरुवार होता, आणि बाजाराला एक नवा विनोद मिळाला होता.

शनिवारपर्यंत विनोद संपला. फोनवर फोन. कुणी हिंदीत, कुणी मराठीत, कुणी कसल्या भाषेत देवच जाणे. सगळ्यांना अंजुना हवी होती. आधी नाव विचारायचे, मग बोलायला लागायचे. वीस वर्षं मासळी बाजारात बसलेल्या बाईला शिव्या काही नव्या नसतात. सुभद्राने स्वतः अशा शिव्या दिल्या होत्या की ट्रॉलरवाल्यांनी कान झाकावेत. पण या शिव्या नव्हत्या. शिवीत निदान राग असतो. ही माणसं हसून, लाडीगोडीने बोलत होती. पापलेट दाबून बघणाऱ्या गिऱ्हाइकासारखी.

"कोण गो अंजुना? शिरा पडो तुमच्या तोंडार!" ती ओरडायची आणि फोन बंद करायची. दोन मिनिटांनी पुन्हा वाजायचा.

मग एकजण म्हणाला, "आवाज मोठ्या बाईचा येतोय तुझा. फोटोत तर शाळेच्या ड्रेसमध्ये आहेस, दोन वेण्या घालून."

सुभद्राच्या हातातली कोयती थांबली. उरलेल्या मासळीवर तिने ओलं किंतान टाकलं, "गोदूबाय, बघ जरा" एवढंच म्हणाली आणि भर बाजाराच्या वेळी उठून घरी निघाली. वीस वर्षांत ती अशी कधी उठली नव्हती. अनुजाच्या वेळी कळा सुरू झाल्या होत्या तेव्हासुद्धा तिने आधी टोपली रिकामी केली होती.

अनुजा ओट्यावर पुस्तक घेऊन बसली होती. दहावीचं वर्ष. दोन वेण्या, लाल रिबिनी.

"अंजुना कोण गो?" सुभद्राने चपला न काढताच विचारलं.

पोरीने पुस्तक मिटलं. "तुका कोणी सांगल्यान?"

"कोण ती?"

"मीच."

मग थोडं थोडं बाहेर आलं. बोर्डाच्या फॉर्मासाठी शाळेच्या क्लार्कने, रविराज तेंडोलकरने, सगळ्या मुलांच्या नावांची, घरच्या फोन नंबरांसकट, इंग्रजी यादी टाईप केली होती. एकेकाला ऑफिसात बोलावून आपापली ओळ तपासायला लावली. अनुजाच्या ओळीत अक्षरं उलटीसुलटी झाली होती, वर एक जास्तीचं पडलं होतं. अनुजाचं झालं होतं अंजुना. ती म्हणाली, सर, माझं नाव चुकलंय. तो हसला. म्हणाला, सुट्टी लागली की गोव्यात असतो ना मी, बोटांना तीच सवय.

"मगे?"

"मगे म्हणालो, रविवारी दिपेशच्या कॅफेत ये. एकटीच ये. थंय बसान सावकाश दुरुस्त करूया. आणि माझ्या हातार हात ठेवल्यान." अनुजा जमिनीकडे बघत होती. "मी हात काढून घेतलंय. रविवारी गेलंय नाय."

"माका कित्याक सांगूक नाय?"

"सांगलां असतां तर माझी शाळा बंद झाली असती."

पोरीने आपल्या आईबापाला बरोबर ओळखलं होतं, आणि या सगळ्या घाणीत सुभद्राला खरी लागलेली पहिली चपराक ही होती. पण दुसऱ्याच क्षणी तिच्या डोक्यात लख्ख पडलं. अनुजाला गावात कुणी अंजुना म्हणत नव्हतं. शाळेत म्हणत नव्हतं. दाखल्यावर, रेशनकार्डावर, कुठेच ते नाव नव्हतं. ते नाव सगळ्या जगात एकाच कागदावर होतं, आणि तो कागद एकाच माणसाने टाईप केला होता. मेल्याने स्वतःचीच चूक उचलून जशीच्या तशी त्या फोटोखाली चिकटवली होती.

तिने चपला काढल्याच नव्हत्या. तशीच वळली आणि गावात नेट असलेलं एकच ठिकाण, दिपेशचं दुकान, गाठलं.

दिपेशचा आधी एसटीडी बूथ होता. फोन घरोघर आले तसे त्याने तीन काम्प्युटर आणले आणि पाटी बदलली. गेल्या वर्षी प्रत्येक काम्प्युटरभोवती प्लायवूडची खोपटी उभी केली, पुढे पडदा लावला. गिऱ्हाइकं म्हणत होती, जरा आडोसो कर रे. दिपेशने आडोसा केला आणि धंदा वाढला. काय वाढलं ते बघायला तो काही पडद्याआड गेला नाही.

"अंजुना दाखव माका," सुभद्रा म्हणाली.

"काकी, ह्यां काय बोलतंस?"

"तुका म्हायत आसा मी काय बोलतंय ता. तुझ्या तोंडारच दिसता."

फोटो लावून ओळखी वाढवायची कसलीशी साईट होती. दिपेशने ती उघडली आणि बाजूला सरकला. काचेवर अनुजा होती. ओळखपत्राचा फोटो. निळी कॉलर, दोन वेण्या, लाल रिबिनी, फोटोवाल्याने 'हनुवटी वर' म्हटल्यावर होतो तसा ताठ चेहरा. खाली इंग्रजी मजकूर.

"वाच."

"काकी, नको."

"वाच म्हणतंय ना!"

त्याने दीड ओळ वाचली आणि त्याचा आवाज मेला. सुभद्राला अक्षर येत नव्हतं, पण आकडे येत होते. मजकुराखालचा एकेक आकडा तिने बोट ठेवून वाचला. दहाच्या दहा आकडे तिच्या कमरेला खोचलेले होते.

"फोटो खंयसून इलो?"

"गेल्या म्हयन्यात रविराज सरांनी एक्केचाळीस फोटो स्कॅन केल्यानी. शाळेच्या ओळखपत्रांसाठी. माझ्याच मशीनवर." दिपेशने शेवटच्या पडद्याकडे बोट केलं. "तीन नंबरात बसतत ते. दर शनवारी."

"वही दाखव."

येणाऱ्या प्रत्येकाचं नाव, पत्ता, वेळ लिहून ठेवा, असं पोलिसांनी बजावल्यावर दिपेशने एक जाडजूड वही घातली होती. अनुजाही मागोमाग येऊन दारात उभी राहिली होती. तिने पानं उलटली. आठवीतली पोरं, नववीतली पोरं, निकाल बघायला आलेल्या मुली, आयटीआयचा फॉर्म भरायला आलेला कुणी. सगळे नावानिशी, सहीनिशी.

"तेंचां नाव नाय," अनुजा म्हणाली.

"सरांचां कशाक लिवूचां?" दिपेश कळवळून म्हणाला. "वळखीचे ना!"

"वळखीच्यांचां लिवूक नाय, तर वही कोणासाठी रे? परक्यांसाठी?" सुभद्रा म्हणाली. "ह्या गावात परको येता कोण मेल्या? ह्यां आता काढ पयलां."

"माझ्या हातात नाय, काकी. जेणी घातल्यान तेच्याकडेच तेची चावी. मी तक्रारीचां बटण दाबलंय बघ."

"कोणाक जाता ती तक्रार?"

"अमेरिकेक."

"आणि ते केवा काढतले?"

"तां कोण सांगतलो?"

सुभद्राने त्या पानाचा छापील कागद करून घेतला. मग जे प्रत्येक आई करते ते तिनेही केलं. कागद घेऊन शहाण्यांच्या दारात गेली. मुख्याध्यापकांनी कागद उपडा करून टेबलावर ठेवला, जणू त्याला थंडी वाजत होती. म्हणाले, "बाई, एका अक्षराच्या चुकीवरून तुम्ही एका माणसाच्या आयुष्यावर बोट ठेवताय."

ऑफिसात बोलायची म्हणून सुभद्रा शुद्ध बोलली. "साहेब, त्याच अक्षरावरून दीडशे माणसांनी माझ्या मुलीवर बोट ठेवलंय. ते तुम्हाला दिसत नाही?"

"शाळेची बदनामी होईल. जरा सबुरीने घ्या."

पोलीस ठाण्यात हवालदाराने अर्ज लिहून दिला. तो भला होता, चहाही पाजला. म्हणाला, "काम्प्युटरचं असलं की वर पाठवावं लागतं. मुलीला घेऊन या जबाबाला. चार-पाच वेळा यावं लागेल. आणि खरं सांगू का ताई, मुलीला त्या नेटपासून लांब ठेवा." सुभद्राने अर्जावर अंगठा उमटवला. घरी येऊन शाई धुतली. माशाच्या रक्तापेक्षा ती शाई चिवट होती.

रविवारी तिचा नवरा सत्यवान समुद्रावरून आला. ट्रॉलरवरचा खलाशी, आठ-आठ दिवस पाण्यात. त्याने मारहाण केली नाही, आरडाओरडा केला नाही. सगळं ऐकलं, विडी ओढली आणि वैभववाडीला आपल्या बहिणीला फोन लावला.

"फुडच्या सोमवारी आक्का येतली," तो म्हणाला. "अनुजाक घेवन जातली. थंयच खंयतरी स्थळ बघतली."

"आणि मार्चातली परीक्षा?"

"खंयची परीक्षा? तोंड दाखवक जागा रवली काय?"

"तोंड कोणी लपवूक व्हयां? तिणा?"

"तू माका शिकवू नको," तो म्हणाला आणि भिंतीकडे तोंड करून झोपला. आठ दिवस. सुभद्राने मनात मोजले. आठ दिवसांत एकतर तो क्लार्क उघडा पडायला हवा होता, नाहीतर पोर एसटीत बसणार होती.

बुधवारी संध्याकाळी देवळाच्या सभामंडपात गावाची बैठक बसली. अमक्याच्या मुलीचं तमकं झालं, एवढं सगळ्यांना कळलं होतं. नाव कुणी घेत नव्हतं, आणि न घेता सगळे घेत होते. गावचे मानकरी आबा मधोमध बसले होते. पुरुष पुढे, बायका खांबांमागे. आणि बोलायला उभा कोण राहिला? रविराज तेंडोलकर. इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं.

"इंटरनेट ही आग आहे," तो सांगत होता. "शहरातल्या लोकांचं ठीक आहे. पण आपल्या मुली म्हणजे आपली अब्रू. त्यांना कॅफेत पाऊल टाकू देता कामा नये. हातात मोबाईल देता कामा नये. शाळेचा एक कर्मचारी म्हणून मला हे कळकळीने सांगावंसं वाटतं."

माना डोलल्या. एकाने तर "बरोबर बोललास" म्हणून मांडीवर थाप मारली. ठराव झाला. मुलींना कॅफेत बंदी. दिपेशनेही खाली मान घालून होकार दिला. त्याची गिऱ्हाइकं तशीही बहुतेक मुलगेच होते.

सुभद्रा खांबामागून पुढे आली.

"आबानू, केलां पुरुषान, आणि बंदी चेडवांका?"

"सुभद्रा, खाली बस गो."

"बसतंय. आधी आयका. मी वीस वरसां बाजारात बसतंय. माझी मासळी उघड्यार आसता. वास इलो तर चार जणांका कळता. झाकून इकता तेचीच मासळी कुजकी आसता. दिपेशचां दुकान बंद करू नकात. तो आडोसो काढा. यंत्रांची तोंडां रस्त्याकडे करा. चेडवां बसांदेत, झील बसांदेत, आणि कोण सर बसतत ते पण थंयच बसांदेत. येणारो-जाणारो बघांदे कोण काय करता ता."

कुणीतरी खुसखुसलं. मासळीवाली काम्प्युटर शिकवायला लागली, असं काहीतरी.

"मगे देवाक गाऱ्हाणां घाला," सुभद्रा म्हणाली. "देवळात बसलास ना सगळे? घाला."

आबांनी बराच वेळ तिच्याकडे पाहिलं. वाईट माणूस नव्हता तो. भित्रा होता, आणि गाव भित्र्या माणसांनाच मानाची जागा देतं.

"घालतंय," ते म्हणाले. "पण नाव घेवक व्हयां. कोणाचां चेडू, खंयच्या घरातलां, काय झालां, कोणी केल्यान. बिननावाचां गाऱ्हाणां देवाक पोचना नाय, ह्यां तुका म्हायत आसा. हयसर, सगळ्यांच्या देखत, चेडवाचां नाव घेव? सांग. घेतंय."

सत्यवान पुढच्या रांगेत होता. त्याने मागे वळून सुभद्राकडे पाहिलं आणि डोळ्यांनी नको म्हटलं. रविराज खांबाला टेकून मोबाईलच्या कळा दाबत होता. त्याला ठाऊक होतं. या गावात आई मुलीचं नाव घेणार नाही, यावरच तर त्याने सगळं रचलं होतं.

सुभद्रा खाली बसली.

ते बसणं तिला पुढचे तीन दिवस जाळत होतं. कोयती चालवताना, बर्फ फोडताना, चुलीपुढे. तिने मनातल्या मनात त्या क्लार्कचे खवले काढले, पोट फाडलं, आतडी मांजराला घातली. रोज. पण मनातलं मरण कुणाला लागत नाही.

शनिवारी सांजेला ती खाडीवर टोपल्या धुवायला गेली. अनुजा मदतीला आली होती.

"आये," अनुजा म्हणाली, "तेणी माझां नाव सगळ्या दुनयेत लिवल्यान. आणि तू गावात घेवक भियतंस?"

"तुका काय म्हणतले लोक?"

"आता काय म्हणतत?"

टोपलीतून पाणी निथळत होतं. सुभद्राने दुसरी टोपली ओढून घेतली.

"सोमवारी आक्का इली, की मी जावचंय नाय," अनुजा म्हणाली. "वढून नेल्यानी तरच. पण वढून नेवचां आसात तर आधी तेचां नाव घे. माझ्यासकट घे."

रविवार. बाजार फुललेला. रविवारी मासळी नसलेलं घर म्हणजे सुतकातलं घर, त्यामुळे अर्धा गाव तिथे लोटलेला. दहाच्या सुमाराला रविराज आला, हातात वायरची पिशवी घेऊन. ठराव झाल्यापासून त्याची मान जरा जास्तच ताठ होती. गोदूबाईसमोर उकिडवा बसून त्याने बांगड्यांचे कल्ले उघडून बघितले, घासाघीस केली, वाटा पिशवीत टाकून घेतला.

सुभद्राने कोयती खाली ठेवली. बादलीतल्या पाण्याने हात धुतले, पाय धुतले, पदर खांद्यावरून पुढे घेतला. मग देवळाच्या दिशेला तोंड करून तिने हात जोडले. बाईमाणूस गाऱ्हाणं घालत नाही. ते मानकऱ्याचं काम. पण जन्मापासून ऐकलेलं. कुठे श्वास घ्यायचा आणि कुठे आवाज चढवायचा, ते तिच्या हाडात होतं.

"बा देवा म्हाराजाऽऽ! बारा गावच्या, बारा वहिवाटीच्या म्हाराजा!"

घासाघीस थांबली. कुणाच्या हातातली मासळी हातातच राहिली.

"आज ह्या बाजारात सत्यवान कोयंड्याची बायल सुभद्रा तुझ्या पायाकडे हात जोडून उभी आसा म्हाराजा!"

कुणी बोललं नाही. गाऱ्हाण्याला 'व्हय' मिळालं नाही तर ते हवेत लटकतं, आणि लटकलेलं गाऱ्हाणं घालणाऱ्याच्याच डोक्यावर पडतं. तेवढ्यात गोदूबाईच्या बोळक्या तोंडातून चिरका आवाज निघाला.

"व्हय म्हाराजा!"

"माझां चेडू, म्हाराजा... माझां चेडू..."

आणि तिथे ती अडली. ओठ हलत होते, नाव बाहेर पडत नव्हतं. सोळा वर्षं रोज शंभर वेळा घेतलेलं नाव. तीन अक्षरं. रविराजने वर पाहिलं. त्याच्या ओठांचा एक कोपरा किंचित उचलला गेला.

"अनुजा."

बाजाराच्या पायरीवर ती उभी होती. तिने सावकाश, हजेरी देताना देतात तसं, पूर्ण सांगितलं. "अनुजा सत्यवान कोयंडे."

"व्हय म्हाराजाऽऽ!" या वेळी सगळ्या ओट्यांवरून एकदम आलं. वीस-बावीस बायकांचा आवाज. पत्र्याचं छप्पर दणाणलं.

आता सुभद्राला कुणी थांबवू शकत नव्हतं.

"ह्या अनुजाचो फोटो शाळेतून चोरून, तेच्याखाली आवशीचो नंबर लिवून, जेणी तेका जगाच्या चव्हाट्यार टांगल्यान म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि वर देवळात उभो रवान चेडवांका बंदी घालूक सांगल्यान म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"तो शाळेचो क्लार्क रविराज तेंडोलकर हयसर, तुझ्यासमोर, बांगड्यांची पिशवी घेवन बसलेलो आसा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजाऽऽ!"

"ए बाई!" रविराज उठला. "तोंड सांभाळ! पुरावा काय तुझ्याकडे? अब्रूनुकसानीचा दावा ठोकीन!"

सुभद्राने त्याच्याकडे बघितलंही नाही. ती देवाशी बोलत होती, मध्ये क्लार्कचं काय काम?

"जी बोटां चाळवून तेणी ह्यां लिवल्यान, त्या बोटांका ह्या किनाऱ्याची मासळी लागूक देव नको म्हाराजा! आजपासून तेच्या ताटात बांगड्याचो काटोसुदी पडाचो नाय, असां कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजाऽऽ!"

बाहेरच्या माणसाला हसू येईल या शापाचं. हात झडो, वंश बुडो, असलं काहीतरी त्याला अपेक्षित असेल. पण मालवणी माणसाला विचारा. गोदूबाई उठली, गुडघे धरत रविराजपर्यंत गेली आणि त्याच्या पिशवीत हात घालून एकेक बांगडा काढून घेतला. चार होते. चारही आपल्या टोपलीत टाकले, हात पदराला पुसले आणि परत जागेवर जाऊन बसली.

"जा आता," ती म्हणाली. "चवळी शिजव."

तो गेला. घाईने, रिकामी पिशवी घेऊन. त्या वेळी बाजारात निदान चाळीस पुरुष उभे होते. बाप, भाऊ, मामा, काका. एकाच्याही तोंडून 'व्हय म्हाराजा' निघालं नव्हतं. आता ते आपापल्या पायाच्या अंगठ्यांकडे बघत होते. मी तर म्हणतो, त्यांच्याही ताटातला काटा काढून घ्यायला हवा होता.

मासळी संपल्यावर सात-आठ बायका कोयत्यांसकट दिपेशच्या दुकानात शिरल्या. दिपेश दोन्ही हात पसरून प्लायवूडसमोर उभा राहिला. "काकी, फोडू नकात! मी स्क्रू काढतंय! स्क्रू काढतंय ना!" आणि त्याने खरोखरच स्क्रू काढले, एकेक करून. बायका उंबऱ्यावर बसून बघत होत्या. संध्याकाळपर्यंत तिन्ही काम्प्युटरची तोंडं रस्त्याकडे झाली. ठरावाचं काय झालं, असं आबांना कुणी विचारलं नाही, आणि आबांनीही काढलं नाही.

सत्यवान जेटीवरून उशिरा परतला. त्याच्या कानावर सगळं गेलं होतं. चुलीपुढे बसून त्याने भात कालवला, दोन घास खाल्ले.

"आक्काक फोन केलंय," तो ताटातच बघत म्हणाला. "येव नको म्हणान."

पुढे काय व्हायचं? ते अंजुनाचं पान बाविसाव्या दिवशी नाहीसं झालं. अमेरिकेने काढलं की त्याने, कुणाला कळलं नाही. ते आणखी कुणी कुठे उतरवून ठेवलं असेल, तर तेही कुणाला कळणार नाही. फोन महिनाभर येत राहिले. पोलिसांकडचा अर्ज वर गेला आणि वरच राहिला. आठ-दहा दिवस रविराजच्या बायकोने दुसऱ्या बंदरावरून मासळी आणायचा प्रयत्न केला. तिथेही गाऱ्हाणं तिच्या आधी पोचलं होतं. अनुजाने मार्चात परीक्षा दिली. फॉर्मावरचं नाव मुख्याध्यापकांनी स्वतः दुरुस्त करून दिलं, तेवढं मात्र केलं. निकालाच्या दिवशी ती दिपेशकडे मधल्या काम्प्युटरवर बसली, रस्त्यावरच्या सगळ्यांच्या देखत, आणि स्वतःचे गुण स्वतः बघितले. एकाहत्तर टक्के. तिने आईला सांगितलं, हसली नाही. वेण्या तिने जानेवारीतच कापून टाकल्या होत्या. सुभद्राने का म्हणून विचारलं नव्हतं.

आणि रविराज? संस्थाचालकांनी त्याची बदली केली. संस्थेची आणखी एक शाळा होती, घाटाखालच्या आतल्या गावात. 'प्रशासकीय कारणास्तव' असं कागदावर लिहिलं होतं. मुख्याध्यापकांनी सुभद्राला मुद्दाम बोलावून सांगितलं, "झालं ना बाई तुमच्या मनासारखं?"

"साहेब," सुभद्राने विचारलं, "तिथे मुली शिकत नाहीत का?"

ते फाईल शोधायला लागले.

जूनमध्ये ट्रॉलर किनाऱ्याला ओढले, शाळा सुरू झाल्या. दुसऱ्या मंगळवारी सुभद्रा पहाटेच्या एसटीत चढली. मध्ये एक गाडी बदलली. त्या आतल्या गावात उतरली तेव्हा दहा वाजायला आले होते. तिने शाळा कुठे म्हणून विचारलं, फाटकासमोरच्या वडाखाली किंतान अंथरलं आणि टोपली उघडली. सुके बांगडे, गोलम्याची बारीक सुकी कोळंबी, खारवलेला मोरी मासा. वासाने दोन बायका घरातून बाहेर आल्या.

"खंयची गो तू?"

"मालवणच्या बंदरावरची."

"एवढ्या लांब इलंस? सुक्यासाठी?"

"नाय," सुभद्रा म्हणाली. "बसा. सांगतंय."

मधल्या सुट्टीची घंटा झाली. पोरं फाटकाबाहेर सांडली. त्यांच्यामागून इस्त्रीच्या शर्टातला एक माणूस चहाला म्हणून बाहेर पडला, चार पावलं आला, वडाकडे बघितलं आणि जागीच थिजला. मग तो मागे वळला आणि ऑफिसात जाऊन त्याने दार लावून घेतलं.

"रोज येतलंस काय गो?" एकीने गोलमा पदरात घेत विचारलं.

"दर मंगळवारी."

तिने टोपलीतले बांगडे पुन्हा नीट रचले, पाठ वडाला टेकली आणि पाय लांब केले. परतीची गाडी पाचला होती. ताजी मासळी दुपारच्या आत संपवावी लागते. सुकीला घाई नसते.